शटरचा विलंब आणि डिजिटल कॅमेऱ्याची निवड

डिजिटल कॅमेऱ्याचे बटण पूर्ण दाबल्यापासून सेन्सरवर चित्र टिपले जाईपर्यंत जो वेळ जातो, त्याला शटरचा विलंब किंवा शटर लॅग म्हणतात. हा वेळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका अल्प असू शकतो, तसाच तो पूर्ण एक सेकंदही असू शकतो. कॅमेऱ्याच्या खोक्यावर मेगापिक्सेल, झूम आणि पडद्याचा आकार ठळक अक्षरांत छापलेला असतो. विलंबाचा आकडा मात्र बहुधा कुठेच सापडत नाही. डोंगर, देऊळ किंवा खुर्चीत बसलेली आजी यांचा फोटो काढताना त्याने काही बिघडत नाही. पळणारे मूल, उडी घेतलेला नर्तक किंवा धावती गाडी टिपायची असेल तर मात्र हाच आकडा सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

शटरचा वेग आणि शटरचा विलंब यांची बऱ्याचदा गल्लत होते. शटरचा वेग १/१००० सेकंद आहे याचा अर्थ सेन्सरवर तेवढा वेळ प्रकाश पडतो, एवढाच. तो प्रकाश पडायला सुरुवात केव्हा होणार, हे त्यावरून कळत नाही. १/१००० सेकंदाला टिपलेला फोटो अतिशय सुस्पष्ट असेल, पण कॅमेरा अर्धा सेकंद उशिरा जागा झाला असेल तर त्या सुस्पष्ट चित्रात मूल चौकटीबाहेर गेलेले असेल.

विलंब कुठे कुठे होतो

बटण दाबल्यावर कॅमेऱ्यात एकापाठोपाठ एक अशी अनेक कामे होतात आणि प्रत्येकाला थोडा वेळ लागतो. पहिले काम फोकसचे. दुसरे प्रकाश मोजून ॲपर्चर आणि शटरचा वेग ठरवण्याचे. फ्लॅश चालू असेल तर मुख्य झोताआधी एक चाचणी झोत सोडून किती प्रकाश लागेल याचा अंदाज घेतला जातो. डोळे लाल दिसू नयेत म्हणून असलेली सोय चालू असेल, तर समोरच्याच्या बाहुल्या आकसण्यासाठी आधी दिवा लावला जातो; त्या एकट्यातच सेकंदभर जाऊ शकतो. घरच्या वाढदिवसाच्या फोटोंत केकवरच्या मेणबत्त्या नेहमी विझलेल्या का दिसतात, याचे उत्तर पुष्कळदा या एका सोयीत असते.

यानंतरची कामे यांत्रिक आहेत. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरकडे प्रकाश वळवणारा आरसा वर उचलला जातो, लेन्समधील ॲपर्चरची पाती ठरलेल्या मापापर्यंत मिटतात आणि मग शटरचा पडदा उघडतो. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसतो, पण वेगळी अडचण असते. पडद्यावर चित्र दिसत राहावे म्हणून तिथे शटर कायम उघडे असते. पूर्ण यांत्रिक शटर वापरले तर ते आधी मिटते, सेन्सर कोरा होतो, पुन्हा उघडते आणि मग फोटो निघतो. यातली पहिली पायरी वाचवण्यासाठी बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवण्याची सोय असते. ती चालू केली की आधी मिटण्याचा वेळ वाचतो.

या सगळ्या साखळीत सर्वाधिक वेळ खाणारा दुवा जवळजवळ नेहमी फोकसचा असतो. म्हणून विलंबाचे दोन आकडे वेगळे धरावे लागतात. बटण अर्धे दाबून फोकस आधीच पक्का केला असेल आणि मग पूर्ण दाबले, तर जो वेळ लागतो तो केवळ शटर सुटण्याचा. बटण एकदम पूर्ण दाबले तर त्यात फोकसचा वेळही मिसळतो. जाहिरातीत एखादा आकडा दिलाच, तर तो बहुधा पहिल्या प्रकारचा असतो, कारण तो लहान असतो. हे दोन्ही आकडे, कॅमेरा सुरू व्हायला लागणारा वेळ आणि सलग फोटोंची गती कशी मोजावी, याची रीत आयएसओ १५७८१ या आंतरराष्ट्रीय मानकात २०१३ साली निश्चित करण्यात आली. चाचणी अहवाल वाचताना आकडा नेमका कशाचा आहे, हे आधी पाहावे.

पडद्यावर किंवा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे चित्रही किंचित जुने असते, ही आणखी एक बाब. सेन्सरवरची माहिती वाचून, प्रक्रिया करून पडद्यावर दाखवायला वेळ लागतो. चांगल्या कॅमेऱ्यात हा फरक जाणवत नाही. जुन्या किंवा स्वस्त कॅमेऱ्यात, विशेषतः कमी प्रकाशात, हात हलवून पाहिला तरी पडद्यावरचा हात मागे रेंगाळताना दिसतो. आरशाच्या व्ह्यूफाइंडरमध्ये हा प्रश्न येत नाही.

विलंब कसा आटत गेला

कोडॅकमधील अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ साली बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याला एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. तो प्रयोगशाळेतला नमुना होता. फिल्मचे कॅमेरे त्या काळात विलंबाच्या बाबतीत कितीतरी पुढे होते. कॅननने १९८९ मध्ये आणलेल्या ईओएस आरटी या फिल्म कॅमेऱ्यात आरसा हलतच नसे. तो अर्धपारदर्शक होता आणि प्रकाशाचा काही भाग त्यातून थेट फिल्मकडे जाई. त्याचा विलंब ०.००८ सेकंदापर्यंत खाली आला होता. हा वेग मिळवण्यासाठी व्ह्यूफाइंडरमधला आणि फिल्मवरचा थोडा थोडा प्रकाश गमवावा लागे.

वृत्तछायाचित्रकारांसाठी निकॉनने १९९९ मध्ये डी१ आणला, तेव्हा २.७ मेगापिक्सेलच्या त्या कॅमेऱ्याचा विलंब सेकंदाच्या सतराव्या भागाच्या आसपास होता. म्हणजे व्यावसायिक डिजिटल कॅमेरे फार लवकर चपळ झाले. घरोघरी आलेल्या छोट्या कॅमेऱ्यांचे मात्र तसे नव्हते. २००० नंतरच्या दशकातल्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत एकदम पूर्ण बटण दाबले तर अर्धा ते एक सेकंद सहज जाई.

याचे कारण फोकसच्या पद्धतीत होते. हे छोटे कॅमेरे चित्रातील उजेड-अंधाराचा फरक पाहून फोकस ठरवत. लेन्स पुढे सरकवायची, कडा अधिक ठसठशीत झाल्या का पाहायचे, आणखी पुढे सरकवायचे, कडा पुन्हा पुसट होऊ लागल्या की मागे यायचे. लेन्स किती आणि कोणत्या दिशेने हलवायची हे आधी ठाऊक नसल्याने हा शोध लांबतो. डीएसएलआरमध्ये लेन्सच्या दोन बाजूंनी येणाऱ्या प्रतिमांची तुलना करणारे स्वतंत्र सेन्सर असतात. दोन प्रतिमांमधल्या अंतरावरून लेन्स कोणत्या दिशेला आणि किती हलवायची हे एका वाचनात कळते.

दुसऱ्या प्रकारचे हे मापन मुख्य सेन्सरवरच बसवण्याचे काम २०१० मध्ये फुजीफिल्मच्या एफ३००ईएक्सआर या छोट्या कॅमेऱ्यात दिसले. कॅननच्या ईओएस ७०डी या २०१३ सालच्या कॅमेऱ्यात तर सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागून तो फोकससाठीही वापरला गेला. या दोन बदलांनंतर मिररलेस कॅमेऱ्यांचा फोकस डीएसएलआरच्या बरोबरीला आला आणि पुढे अनेक बाबतींत त्यांच्याही पुढे गेला.

मोबाइलने वेगळा मार्ग धरला. कॅमेरा ॲप उघडे असताना फोन सतत चित्रे घेत असतो आणि शेवटची काही चित्रे स्मृतीत ठेवतो. बटण दाबले की त्या क्षणाच्या जवळचे, आधीच घेतलेले चित्र निवडून जतन केले जाते. २०११ च्या गॅलेक्सी नेक्सस या फोनची जाहिरात या शून्य विलंबावरच केली गेली होती. कॅमेऱ्यांतही हीच युक्ती आली. कॅसिओचा ईएक्स-एफ१ हा २००८ सालचा कॅमेरा सेकंदाला ६० चित्रे घेई आणि बटण दाबण्यापूर्वीची चित्रेही ठेवू शके. ऑलिंपसने २०१६ च्या ई-एम१ मार्क टू मध्ये बटण पूर्ण दाबण्याआधीची १४ चित्रे राखण्याची सोय दिली. आज अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत अशी पूर्वचित्रणाची सोय मिळते. पक्षी फांदीवरून नेमका कधी उडेल हे सांगता येत नाही. तो उडाल्यावर बटण दाबले तरी उडण्याचा क्षण हाती लागतो.

किती विलंब चालेल

याचे उत्तर विषयावर अवलंबून असते आणि ते साध्या गुणाकाराने काढता येते. वेगाला विलंबाने गुणले की विषय किती अंतर पुढे जाईल ते कळते. छत्तीसगडमधील भिलाईच्या स्मृति नगरमधील एखादे कुटुंब कॅमेरा कशाकशासाठी वापरेल, याची यादी केली तर जवळपास सगळे नमुने त्यात सापडतात.

वसाहतीच्या रस्त्यावर सायकल चालवणारे मूल ताशी १८ किलोमीटर वेगाने जात असेल, तर ते सेकंदाला ५ मीटर सरकते. अर्धा सेकंद विलंब असलेल्या कॅमेऱ्यात ते अडीच मीटर पुढे गेलेले असेल, ०.०५ सेकंदाच्या कॅमेऱ्यात फक्त २५ सेंटिमीटर. पहिल्या फोटोत रस्ता येतो, दुसऱ्यात मूल. भिलाई हावडा-मुंबई लोहमार्गावर आहे. तिथून ताशी १०८ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ३० मीटर कापते. अर्ध्या सेकंदात इंजिनाचे तोंड १५ मीटर पुढे जाते, म्हणजे एका डब्याच्या निम्म्याहून अधिक. फलाटावर सुरक्षित अंतर राखून उभ्या असलेल्या माणसाला मग गाडीचा तोंडवळा मिळत नाही, डब्यांच्या खिडक्या मिळतात.

नाचाचे गणित याहून निराळे आणि थोडे दयाळू आहे. पंथी हा छत्तीसगडमधील सतनामी समाजाचा नाच. १८ डिसेंबरला गुरू घासीदास यांच्या जयंतीनिमित्त जैतखाम या स्तंभाभोवती तो रंगतो. मांदर आणि झांजेच्या तालावर संथ सुरुवात होते, मग लय चढत जाते, नर्तक उड्या घेतात, एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरे रचतात. दुर्ग भागातील देवदास बंजारे यांनी हा नाच देशाबाहेरही नेला. समजा, एका नर्तकाने ४५ सेंटिमीटर उंच उडी घेतली. तो हवेत सुमारे ०.६ सेकंद असतो. गुरुत्वाकर्षणामुळे वर जाताना त्याचा वेग घटत जातो आणि शिखरावर क्षणभर शून्य होतो. त्यामुळे त्या ०.६ सेकंदातला निम्मा वेळ, म्हणजे ०.३ सेकंद, तो उडीच्या सर्वांत वरच्या ११ सेंटिमीटरांत असतो. ०.१ सेकंद विलंबाच्या कॅमेऱ्याला हा अवकाश पुरतो. ०.८ सेकंद विलंबाच्या कॅमेऱ्यात मात्र तो नर्तक पाय टेकून पुढच्या ठेक्याला लागलेला असेल. गोविंदाची उडी, लेझमीची गिरकी, झोपाळ्याचा झोका, सगळीकडे हाच नियम लागू होतो: शिखराच्या क्षणी हालचाल मंदावते, म्हणून तो क्षण धरावा.

पांडवांची कथा गाऊन सांगणाऱ्या पंडवानीत अडचण वेगाची कमी आणि प्रकाशाची जास्त. भिलाईजवळच्या गनियारी गावात जन्मलेल्या तीजनबाई यांनी उभ्याने, अभिनयासह सादर होणारी कापालिक शैली जगभर पोहोचवली. त्या शैलीत हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचे धनुष्य. रात्रीच्या मंचावर मागे काळोख आणि चेहऱ्यावर एकच दिवा असतो, तेव्हा साधा कॅमेरा फोकससाठी लेन्स मागे-पुढे करत राहतो आणि गदा उगारून खाली येते. अशा कामासाठी कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात फोकस किती अंधारापर्यंत चालतो हा आकडा पाहावा. तो ईव्ही या एककात असतो आणि जितका उणे असेल तितका चांगला. कॅननचा ईओएस ६डी २०१२ मध्ये उणे ३ ईव्हीपर्यंत, म्हणजे साधारण चांदण्याइतक्या उजेडात, मधल्या बिंदूवर फोकस करू शके. आजचे अनेक मिररलेस कॅमेरे याहूनही खाली जातात.

मैत्री बाग हे भिलाईतले प्राणिसंग्रहालय १९७२ चे, पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध. येरझाऱ्या घालणारा वाघ हळू चालतो, त्यामुळे त्याच्यासाठी विलंब फारसा आड येत नाही. मध्ये जाळी असेल तर मात्र कॅमेरा जाळीवर फोकस करतो, पुन्हा वाघाकडे वळतो आणि त्यात सेकंद निघून जातो. इथे चपळ कॅमेऱ्यापेक्षा फोकसचा एकच लहान बिंदू निवडता येणे अधिक उपयोगी.

दुकानात मोजण्याची रीत

विलंब मोजायला एक मोबाइल पुरतो. त्याच्या पडद्यावर सेकंदाचे शतांश भाग दाखवणारे स्टॉपवॉच सुरू करावे, कॅमेरा त्याच्यावर रोखावा आणि आकडा ठरावीक पूर्ण सेकंदावर येताच बटण दाबावे. सेकंद ठेक्यात येत असल्याने हात आधीच सज्ज असतो आणि माणसाच्या प्रतिसादाचा वेळ बराचसा गळून पडतो. फोटोत दिसणारा आकडा आणि ठरवलेला सेकंद यांतला फरक म्हणजे विलंबाचा अंदाज. हे दहा वेळा करावे: पाचदा बटण अर्धे दाबून फोकस झाल्यावर, पाचदा एकदम पूर्ण दाबून. प्रत्येक पूर्ण दाबण्याआधी कॅमेरा दुसऱ्या अंतरावरच्या वस्तूकडे वळवून फोकस बिघडवून घ्यावा, नाहीतर फोकस आधीच बरोबर असल्याने आकडा फसवा येतो.

माणसाची चूक प्रत्येक कॅमेऱ्याच्या चाचणीत साधारण सारखीच असते. त्यामुळे एका कॅमेऱ्याचा नेमका आकडा थोडा इकडेतिकडे झाला, तरी दोन कॅमेऱ्यांमधला फरक विश्वासार्ह राहतो. अधिक नेमकेपणा हवा असेल तर दुसऱ्या मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या मंदगती चित्रफितीत बोट आणि स्टॉपवॉच दोन्ही टिपावेत. बटण तळाला टेकले त्या चौकटीत स्टॉपवॉच काय दाखवते आणि काढलेल्या फोटोत काय दाखवते, यांची वजाबाकी केली की झाले. मोबाइलचा पडदा साधारणपणे सेकंदाला ६० वेळा बदलतो, म्हणून ०.०२ सेकंदाहून लहान फरकांवर फार विसंबू नये.

सरासरीइतकेच आकड्यांतल्या चढउताराकडे लक्ष द्यावे. दर वेळी ०.१५ सेकंद घेणारा कॅमेरा, कधी ०.०८ तर कधी ०.६ सेकंद घेणाऱ्यापेक्षा चांगला. ठरावीक विलंबाची हाताला सवय होते. लहरी विलंबाची होत नाही. ही चाचणी दुकानाच्या झगझगीत उजेडात न थांबवता दिवे कमी असलेल्या कोपऱ्यातही करून पाहावी.

कॅमेऱ्याचा प्रकार, लेन्स आणि कार्ड

जुन्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांची आवड अलीकडे तरुणांमध्ये पुन्हा वाढली आहे आणि ते वापरलेल्या मालाच्या बाजारात मिळतात. त्यांच्या रंगांसाठी ते घ्यावेत; पळणाऱ्या मुलांसाठी घेऊ नयेत. वापरलेला डीएसएलआर हा कमी खर्चात विलंब घटवण्याचा चांगला मार्ग आहे, मात्र त्याचा वेग डोळ्याला व्ह्यूफाइंडर लावून काम करतानाच मिळतो. पडद्यावर पाहून फोटो काढताना बरेच जुने डीएसएलआर छोट्या कॅमेऱ्यांसारखेच संथ होतात. नव्या खरेदीत सेन्सरवरच दोन प्रतिमांच्या तुलनेची फोकस पद्धत असलेला मिररलेस कॅमेरा बहुतेक घरांना पुरून उरतो. मोबाइल दिवसाउजेडी तत्पर असतो. रात्रीच्या मोडमध्ये तो अनेक चित्रे एकत्र जुळवतो, म्हणून तिथे हलणारा विषय टिकत नाही.

कॅमेरा चपळ आणि लेन्स सुस्त असेल तर पैसा वाया जातो. लेन्समधली फोकसची मोटर हा फोकसच्या वेळाचा मोठा भाग आहे. जुनी साधी मोटर कुरकुर करत फिरते. अल्ट्रासोनिक, स्टेपर किंवा लिनियर मोटर लवकर आणि शांतपणे फिरते. एफ/१.८ सारखे मोठे ॲपर्चर असलेली लेन्स फोकसच्या वेळी अधिक प्रकाश आत घेते, म्हणून अंधारात शोधही लवकर संपतो.

सलग फोटो काढण्याचा वेग वेगळी गोष्ट आहे. सेकंदाला १० फोटो म्हणजे दोन फोटोंत ०.१ सेकंद. ताशी १०८ किलोमीटर वेगाने आलेला चेंडू तेवढ्यात ३ मीटर पार करतो, म्हणजे चेंडू बॅटला लागण्याचा क्षण दोन फोटोंच्या मध्ये हरवू शकतो. शिवाय पहिल्या फोटोआधीचा विलंब तसाच राहतो. २४ मेगापिक्सेलच्या रॉ फाइलचा आकार २५ ते ३० एमबी धरला, तर १० फोटोंना दर सेकंदाला २५० एमबीहून अधिक माहिती साठवावी लागते. व्ही३० खुणेचे कार्ड सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी देते. कॅमेऱ्याची अंतर्गत स्मृती भरली की तो अडखळतो, ते यामुळे. जेपीईजी निवडणे किंवा जलद कार्ड घेणे हे त्यावरचे उपाय आहेत.

इलेक्ट्रॉनिक शटर विलंब घटवते आणि आवाजही करत नाही, पण सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने वेगाने जाणारी गाडी तिरकी आणि पंख्याची पाती वाकडी दिसू शकतात. सोनीच्या ए९ थ्री या २०२३ च्या कॅमेऱ्यात सगळा सेन्सर एकाच वेळी वाचला जातो आणि ही विकृती नाहीशी होते; मात्र त्याची किंमत घरगुती खरेदीच्या पलीकडची आहे.

हाती असलेल्या कॅमेऱ्यातला विलंब कमी करणे

फोकसचा वेळ आधीच देऊन टाकणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. सायकल जिथून जाणार त्या जागी रस्त्यावर बटण अर्धे दाबून फोकस करावे, बोट तसेच ठेवावे आणि मूल तिथे येताच पूर्ण दाबावे. फोकसचे काम पाठीमागच्या वेगळ्या बटणाला देता येत असेल तर ते अधिक सोयीचे. रुंद कोनात फोकस हाताने ठरवून सोडून देता येतो. एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर १८ मिमी लेन्स आणि एफ/८ ॲपर्चर असेल, तर फोकस २ मीटरवर ठेवल्यास सुमारे १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे सुस्पष्ट येते. अशा कॅमेऱ्याला फोकस शोधावाच लागत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ही मांडणी फार उपयोगी पडते.

दिशा बदलत धावणाऱ्या विषयासाठी सतत फोकसची पद्धत निवडावी. बऱ्याच कॅमेऱ्यांत फोकसला प्राधान्य आणि शटरला प्राधान्य असे दोन पर्याय असतात. फोकसला प्राधान्य दिले असेल तर फोकस जुळल्याशिवाय कॅमेरा फोटो काढतच नाही. हलत्या विषयासाठी शटरला प्राधान्य द्यावे. डोळ्यांच्या लालीवरची सोय बंद करावी. उजेड पुरेसा असेल तर फ्लॅशही बंद ठेवावा. कॅमेरा झोपी जाण्याची मुदत वाढवावी, कारण जागे होण्यातही वेळ जातो. त्या बदल्यात बॅटरी लवकर संपेल, म्हणून एक जादा बॅटरी जवळ असावी.

इतके करूनही माणसाचा विलंब राहतोच. डोळ्याने पाहून बोट हलवायला साधारण पाव सेकंद लागतो आणि तो चांगल्या मिररलेस कॅमेऱ्याच्या शटर सुटण्याच्या विलंबापेक्षा कित्येक पट मोठा आहे. पूर्वचित्रणाची सोय याच उणिवेवर मात करते. ती नसेल तर आधी अंदाज बांधूनच बटण दाबावे लागते: उडी शिखरावर पोहोचण्याआधी, तंबुरा पूर्ण उगारला जाण्याआधी. पंथीचा ठेका किंवा पंडवानीतला प्रसंग ओळखीचा असेल तर हा अंदाज बरोबर येतो. नवा कॅमेरा घेतल्यावर घरासमोर झोका घेणाऱ्या मुलावर हा सराव करावा आणि झोका वरच्या टोकाला येण्याच्या किती आधी बटण दाबावे लागते ते पाहून ठेवावे.